नोटिफिकेशनच्या कोपऱ्यातली वेळ

ब्राउझरच्या नोटिफिकेशनवर बारीक अक्षरांत जी वेळ उमटते, तिचं कूळ शोधत गेलं की आपण अमेरिकेतल्या विजेच्या तारांपाशी पोचतो. १९७१ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्स या संगणक-कार्यप्रणालीची पहिली माहितीपुस्तिका निघाली, तेव्हा संगणक सेकंदाचे साठावे भाग मोजत असे. तिथली वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, आणि संगणकाच्या घड्याळाचे ठोके तिच्यावरच पडायचे. १ जानेवारी १९७१पासूनचे हे ठोके ३२ बिटांत ठेवायचे, म्हणजे सव्वादोन वर्षांत जागा संपणार. ही अडचण खुद्द पुस्तिकेतच नोंदवलेली होती, याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे मोजणी सेकंदांवर आली आणि आरंभ १ जानेवारी १९७०वर स्थिरावला. ग्रीनिच प्रमाणवेळेनुसार तेव्हा मध्यरात्र, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच.

१९९५मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा घडवली. तिच्यातली तारखांची यंत्रणा आली जावा या दुसऱ्या भाषेकडून. आरंभ तोच, पण एकक मिलिसेकंद.

२०१५मध्ये क्रोमवर वेबसाइट बंद असतानाही सूचना येऊ लागल्या आणि एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. फोन बंद असला की निरोप सर्व्हरवर थांबतो. सकाळी नऊला निघालेला निरोप दुपारी पोचला, तर त्यावर कुठली वेळ लिहायची? ब्राउझर आपला सूचना उमटल्याचीच वेळ लावायचा. घरातल्या कुणाला दवाखान्यात नेल्याचा निरोप असेल, तर ही चूक वाचणाऱ्याची दिशाभूल करते. २०१६च्या क्रोम ५०मध्ये ‘टाइमस्टॅम्प’ आला तो यासाठी. ज्या घटनेची सूचना, त्या घटनेची वेळ त्यात भरायची. ती मागची असो वा पुढची; संध्याकाळच्या बैठकीची आठवण सकाळी दिली तरी वेळ बैठकीचीच.

म्हणून ही वेळ निरोपासोबत सर्व्हरवरूनच यायला हवी. निरोप हाती आल्यावर ब्राउझरला ‘आता किती वाजले’ विचारून ती भरली, तर सगळा खटाटोप वाया जातो. प्रोग्रामने ही वेळ वाचली की मिळतो तो नुसता मिलिसेकंदांचा आकडा. तो तारखेत बदलला की पुण्यात पुण्याची वेळ दिसते, दुबईत दुबईची. दोन पिढ्यांची एककं मात्र अजून एकमेकांत अडकतात. पुष्कळ सर्व्हर आजही युनिक्सचे सेकंद पाठवतात. त्यांना हजाराने गुणायचं राहिलं, की आजचा निरोप थेट जानेवारी १९७०मध्ये जाऊन बसतो.