तूप, भांडं आणि गॅसचा टँकर

मंडळी, शहापूरकरांना धोकादायक माल म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना आपल्या शेजारी. 24 जानेवारी 2025 ला तिथे स्फोट झाला, आठ जण गेले. पण कारखान्याला भिंत असते, फाटक असतं, आत जायला पास लागतो. आज बोलायचं ते भिंत नसलेल्या धोक्याबद्दल. आपल्या दारावरून जाणाऱ्या 53 नंबरच्या महामार्गावर, ज्याला आपण अजून सहा नंबरच म्हणतो, गॅसचे कॅप्सूल टँकर धावतात. ते भांडं कसं बनवायचं आणि ते ठीक आहे असं कोणी म्हणायचं, याचे नियम कसे घडत गेले, ते बघू.

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, इंजिनिअर नव्हे. त्यामुळे सुरुवात न्यायशास्त्रातल्या जुन्या गोष्टीने. एक नैयायिक बाजारातून तूप घेऊन निघाला. वाटेत शंका आली, तुपाला भांड्याचा आधार की भांड्याला तुपाचा? खात्री करायला त्याने भांडं उलटं केलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आपण हसतो, पण टँकरच्या कायद्याचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. धोका पदार्थात असतो की भांड्यात?

1884 चा विस्फोटक कायदा आला तेव्हा उत्तर सरळ होतं: पदार्थात. बंदुकीची दारू, नायट्रोग्लिसरीन, डायनामाइट ही नावं त्यात होती. 1898 मध्ये त्यासाठी स्वतंत्र खातं निघालं. त्या खात्याचं आजचं रूप म्हणजे पेसो, आणि त्याचं मुख्यालय दिल्लीत नाही, मुंबईत नाही, आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. देशात कुठेही गॅसची टाकी बनायची असली तरी नियमांचा धागा इथे येऊन पोचतो. आपल्यापैकी किती जण त्या इमारतीवरून गेले असतील, आणि कितींनी पाटी वाचली असेल!

मग 28 सप्टेंबर 1938 ची एक अधिसूचना निघाली. धातूच्या पात्रात दाबाखाली किंवा द्रवरूपात भरलेला वायू हा विस्फोटक समजला जाईल, असं तिने जाहीर केलं. आम्हाला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. मोकळ्या हवेतला वायू विस्फोटक नाही, रिकामं पोलादी भांडं विस्फोटक नाही, पण दोन्ही एकत्र आले की कायद्याच्या लेखी ती दारूच. धोका पदार्थात नाही, भांड्यातही नाही, दोघांच्या संबंधात आहे. नैयायिकांनी या वाक्याला दाद दिली असती. तिथून 1940 चे सिलिंडरचे नियम आले, आणि मोठ्या टाक्यांसाठी 1981 चे स्थिर व फिरत्या दाबपात्रांचे नियम. ते 2016 मध्ये नव्याने लिहिले गेले. पेट्रोल-डिझेलचा टँकर वेगळ्या घरातला, 1934 च्या पेट्रोलियम कायद्यातला. त्याच्या पोटात दाब नसतो, म्हणून त्याचे नियम आतले कप्पे, सायलेन्सर, ठिणगी यांच्याभोवती आहेत. त्यात आज शिरत नाही.

गॅसच्या टाकीला आधी नकाशाची मंजुरी लागते, मग ठरलेल्या संहितेप्रमाणे पत्रा आणि जोड, मग पाण्याच्या दाबाची चाचणी. ही चाचणी पुढे दर पाच वर्षांनी करायची, वायू विषारी किंवा गंजवणारा असेल तर दर दोन वर्षांनी. चाचणी हवेने का नाही, पाण्याने का? पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. टाकी फुटलीच तर पाणी बाहेर येतं, तुकडे उडत नाहीत.

आणखी एक नियम आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात समजून घेण्यासारखा. तापमान 55 अंश सेल्सियसपर्यंत चढून आतला द्रव फुगला, तरी टाकी द्रवाने पूर्ण भरता कामा नये, एवढीच ती भरायची. वर मोकळी जागा हवी. ती नसली तर काय होतं? 11 जुलै 1978, स्पेनमधला लॉस अल्फाकेस हा समुद्रकाठचा तळ. प्रोपिलीनचा टँकर, मर्यादेपेक्षा जास्त भरलेला, दाब सोडणारा व्हॉल्व्ह नाही. दोनशेहून जास्त सुट्टीवर आलेली माणसं गेली. आपले 1981 चे नियम त्यामुळेच झाले असा आमचा दावा नाही. पण नियमातला आकडा कुणाच्या तरी जिवावर उमटलेला असतो, हे त्या तारखेवरून कळतं.

आता आमची खरी अडचण. प्रमाणपत्रात 'प्रमाण' हा शब्द आहे. चाचणी हे प्रत्यक्ष, नकाशातलं गणित हे अनुमान, आणि सही-शिक्का हे शब्दप्रमाण. तिन्ही उभ्या टाकीबद्दल बोलतात. टाकी तर चालते. 20 डिसेंबर 2024 ला पहाटे जयपूरजवळ अजमेर रस्त्यावर गॅसचा टँकर वळत असताना ट्रक येऊन धडकला. टाकीचं पोलाद फाटण्याआधी तिच्या तोट्या तुटल्या, गॅस रस्त्यावर पसरला आणि पेटला. वीसच्या आसपास माणसं गेली. भांडं खंबीर होतं, तूप सांडलं. रस्त्यावरच्या वळणाला शिक्का कोण मारणार?

याचं अर्धं उत्तर 1989 च्या मोटार वाहन नियमांत आहे. चालकाला तीन दिवसांचं खास प्रशिक्षण, त्याच्याजवळ मालाची लेखी माहिती, आणि गाडीवर फलक. तो फलक मात्र आपल्यासाठी आहे. त्यावर चार आकडे असतात. 1075 म्हणजे एलपीजी, 1203 म्हणजे पेट्रोल. जवळच आकडा आणि इंग्रजी अक्षरांचा छोटा संकेत असतो. शेवटी 'ई' असेल तर आसपासची माणसं हलवायचा विचार करा, असा त्याचा अर्थ. तो लिहिलेला अग्निशमन दलासाठी, पण टँकर उलटला तर ते येण्याआधी तिथे पोचतो तो रस्त्याकडेचा पानठेलेवाला, शेतातून धावत आलेली पोरं, आणि कधीकधी डबा घेऊन आलेला माणूस.

बरं, प्रश्न असतील तर आता घेऊ. मागच्या रांगेतून कुणीतरी साखळीबद्दल विचारत होतं, टँकरमागे लोंबते ती. तिच्यावर विसंबू नका. स्थिर वीज उतरवायची ती माल खाली करताना जोडलेल्या तारेने. पुढचा प्रश्न?