घरातला गर्भपात: धोका घराचा की साधनाचा?

नको असलेला गर्भ घरच्या घरी पाडण्याची रीत आपल्याकडे गोळ्यांमुळे आलेली नाही. ती फार जुनी आहे. चित्रकाचं मूळ, गर्भाशयात घातलेली काडी, सुईणीचा हात ही तिची साधनं होती आणि त्यांतून रक्तस्राव, जंतुदोष, पुष्कळदा मरणही यायचं. ही कामं घरात होत होती, म्हणून गर्भपात घरात झाला की तो घातकच, असं समीकरण आपल्या मनात बसलं. कायदा, डॉक्टर, शासन सगळ्यांनीच ते मानलं. माझं म्हणणं असं, की धोका घराचा नव्हता. तो साधनाचा होता आणि लपवाछपवीचा होता. गेल्या दीडशे वर्षांत साधन बदललं, पण लपवाछपवी मात्र आपण जपून ठेवली.

1860च्या भारतीय दंडविधानातल्या 312व्या कलमाने गर्भपात गुन्हा ठरवला. बाईचा जीव वाचवण्याचा एकच अपवाद ठेवला आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईलाही शिक्षेच्या कक्षेत आणलं. पुण्याला त्याचा अर्थ लवकर कळला. विधवाविवाहाला बंदी असलेल्या घरांतल्या तरुण विधवांपुढे गर्भ पाडणं, जन्मलेलं मूल मारणं किंवा स्वतः मरणं एवढेच मार्ग उरत. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कुणाला न कळता या आणि सुखरूप बाळंत व्हा, असं त्यांनी विधवांना सांगितलं. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. हे गृह गर्भपातासाठी नव्हतं, तरी त्यामागची समज आजही कामाची आहे: गुप्तता आणि सुरक्षितता एकाच जागी मिळाली, तरच बाई तिथे येते. पुढे 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी करण्यात आली. त्यावर वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर जे तोंडसुख घेतलं, त्याला ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये पुण्यात छापलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’तून उत्तर दिलं. सापडते ती बाई, सुटतो तो पुरुष, हा त्यांचा संताप इतक्या वर्षांनीही निवलेला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1964 मध्ये केंद्र सरकारने गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. बेकायदा गर्भपातांत बायका मरतात, हे समितीने 1966च्या अहवालात मान्य केलं आणि 1971चा गर्भपात कायदा झाला. तो 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. कायदा मोठा होता, यात शंका नाही. पण त्याने गर्भपात घरातून काढून मान्यताप्राप्त केंद्रात नेला, आणि पुणे जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या तालुक्यात याचा अर्थ रस्ता असा होतो. टाटांच्या धरणाने इथलं खोरं बुडवलं. त्याविरुद्ध 1921 मध्ये सुरू झालेला सत्याग्रह सेनापती बापटांच्या नावाने आपण शाळेत शिकतो. उरलेली गावं आणि वाड्या जलाशयाच्या काठाने, डोंगरांच्या कुशीत विखुरल्या. ताम्हिणीकडचा पाऊस सलग कित्येक दिवस झोडपतो. अशा वाडीतून पौडला, तिथून पुण्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, घरी काहीतरी कारण सांगावं लागतं आणि सोबतीलाही कुणीतरी लागतं. शिवाय दारात पोचल्यावर काय? सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते, तरी नवऱ्याची सही मागण्याची प्रथा रुग्णालयांत रुळली. तांबी बसवून घ्या, ऑपरेशन करून घ्या, असा आग्रह सरकारी दवाखान्यांत होत राहिला. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत 1990च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी बायकांशी बोलून अभ्यास केले. गुपित फुटू नये म्हणून बायका सरकारी दवाखाना टाळून खाजगीकडे वळतात, हे त्यांतून पुढे आलं.

गोळ्या आल्या त्या या पार्श्वभूमीवर. मिफेप्रिस्टोन हे औषध फ्रान्समध्ये तयार झालं आणि 1988 मध्ये तिथे मंजूर झालं. भारतातल्या सुरुवातीच्या चाचण्यांत पुण्याच्या केईएमचे डॉ. कुरुस कोयाजी अग्रभागी होते. शहरातल्या संशोधन रुग्णालयाबाहेरही या गोळ्यांनी गर्भपात नीट होतो का, यावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध 2001 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 2002 मध्ये भारतात औषध मंजूर झालं. 2003च्या नियमांनी सात आठवड्यांपर्यंत नोंदणीकृत डॉक्टरला आपल्या दवाखान्यातून ते लिहून देण्याची मुभा दिली. 2021च्या नियमांनी ती मर्यादा नऊ आठवडे केली. संपूर्ण उपचार एका पाकिटात मावतो: मिफेप्रिस्टोनची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार. पहिलीने गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम थांबतं. एकदोन दिवसांनी बाकीच्या घेतल्या की काही तासांत कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं आणि गर्भ बाहेर पडतो. त्या तासांत बाईला वेदनाशामक गोळी, गरम पाण्याची पिशवी, जवळ न्हाणीघर आणि विश्वासाचं माणूस लागतं. यातलं बहुतेक घरातच असतं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बारा आठवड्यांच्या आत, योग्य माहिती आणि आधार असेल तर, बाईने हे स्वतः करण्याला मान्यता दिली.

यावर पहिला आक्षेप स्त्रीभ्रूणहत्येचा. 2012 मध्ये बीड जिल्ह्यातलं परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघड झालं आणि राज्य हादरलं. कारवाईचा बडगा गर्भपाताच्या गोळ्यांवरही पडला; तपासणी नको, कटकट नको म्हणून औषध दुकानांनी त्या ठेवणंच सोडलं. कळकळ खरी होती, पण नेम चुकला. सोनोग्राफीत गर्भाचं लिंग दिसायला साधारण बारा-तेरा आठवडे जावे लागतात. या गोळ्यांची कायदेशीर मुदत नऊ आठवड्यांना संपते. लिंग कळण्याआधीच ज्यांचं काम होतं, त्या गोळ्या अडवून मुली वाचत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: घरी काही बिघडलं तर? 2015 मध्ये देशात अंदाजे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यांतले सुमारे 73 टक्के आरोग्यकेंद्राबाहेर, गोळ्यांनी झाले, असा अंदाज 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे घरातला गर्भपात हा आजचा सर्वसाधारण प्रकार आहे. त्यातल्या काही बायका अर्धवट गर्भपाताने, दिवस उलटून गेल्यावर घेतलेल्या गोळ्यांनी, गर्भनलिकेतला गर्भ न ओळखला गेल्याने दवाखान्यात येतात. हे खरं आहे आणि हलकं घेऊ नये. तासाला दोन पॅड भिजतील असा रक्तस्राव सलग दोन तास झाला, तर जलाशयापलीकडच्या वाडीला आणि हिंजवडीतल्या सदनिकेला दवाखाना सारखा जवळ नाही, जरी तालुका एकच आहे. म्हणूनच आधी दिवस मोजून घेणं, गर्भ गर्भाशयातच आहे ना हे पाहणं, जवळचं केंद्र ठरवून ठेवणं ही डॉक्टरची कामं आहेत. ज्या घरात एकच खोली आहे किंवा जिथे नवऱ्याची दहशत आहे, तिथे बाईला दवाखान्यातच थांबता आलं पाहिजे. पण गोळी चोरून विकली गेली, तर यातलं एकही काम होत नाही. आक्षेप घेणारे ज्या धोक्याकडे बोट दाखवतात, तो बंदीने वाढतो.

गर्भपात कायद्याच्या 2021च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे आले. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीचा हक्कही स्पष्ट केला. हिंजवडीत एकटीने राहणाऱ्या मुलीला आणि धरणकाठच्या शेतमजूर बाईला हा कायदा सारखाच लागू आहे. आता पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तालुक्यातल्या प्राथमिक केंद्रांत या गोळ्या बारमाही हव्यात, त्या देणारे प्रशिक्षित डॉक्टर हवेत, आणि कुठे जायचं हे आशाताईला उघडपणे सांगता आलं पाहिजे. नवऱ्याची सही मागणारा कागद टेबलावरून काढून टाकावा. कायद्याने तो कधीच मागितलेला नाही.