लिंबू आणि चांदीचा स्नूपी

परवा एचआरची मेल आली. 'कर्मचारी कौतुक सप्ताह' साजरा करायचाय, प्रत्येक टीम लीडने आपल्या टीमसाठी काहीतरी करावं, बजेट माणशी ३०० रुपये. आता ३०० रुपयांत काय येणार? कॉफीचा मग, पेन, नाहीतर सर्टिफिकेट. माझ्या ड्रॉवरमध्ये अशी तीन सर्टिफिकेटं पडलीयेत. त्यातल्या एकावर माझं आडनाव चुकलंय :)

मेलच्या तळाशी एक ओळ होती - 'कंत्राटी कर्मचारी वगळून'. आमच्या नऊ जणांच्या टीममधले तीन टेस्टर कंत्राटी आहेत. मागच्या महिन्यात रिलीजच्या आदल्या रात्री अकरा वाजता त्यांच्यातल्याच एकीने बग काढला आणि मी तिच्यावर खेकसलो, "आत्ता सुचतंय होय हे?" बग खरा निघाला. रिलीज दोन दिवस पुढे गेलं. त्यानंतर मी तिच्याशी त्या विषयावर चकार शब्द काढलेला नाही.

असो. काल शनिवारी बजेटचं काय करावं या विचारात बसलो होतो आणि नेहमीप्रमाणे भरकटत अपोलोच्या इतिहासात जाऊन पोचलो.

गस ग्रिसम हा नासाच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी एक. माणूस अबोल. सॅन दिएगोला अ‍ॅटलास रॉकेटं बनवणाऱ्या कारखान्यात हे सगळे भेटीला गेले होते, तिथे त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. 'चांगलं काम करा' एवढंच कसंबसं बोलून तो थांबला. कामगारांना ते इतकं भिडलं की त्यांनी त्या शब्दांचा फलक करून कारखान्यात लावला.

याच ग्रिसमने जानेवारी १९६७ मध्ये घरच्या झाडाचं एक लिंबू तोडून नेलं आणि अपोलोच्या सिम्युलेटरवर टांगलं. आपण लिंबू टांगतो ते दृष्ट लागू नये म्हणून. अमेरिकेत लिंबू म्हणजे भिकार निघालेला माल. यानात रोज बदल होत होते आणि सिम्युलेटर मागे पडत होता. आमच्या भाषेत सांगायचं तर स्टेजिंग आणि प्रॉडक्शनचा मेळ नव्हता. काही दिवसांतच, २७ जानेवारीला, लाँच पॅडवर सराव चालू असताना यानात आग लागली. रॉकेटमध्ये इंधन नव्हतं, त्यामुळे ही चाचणी कुणाला धोक्याची वाटलीच नव्हती. पण आत दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन होता, आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. आतला दाब वाढला की ते उघडणं अशक्य. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी तिघेही गेले. ठिणगी नेमकी कुठे पडली हे कधीच नक्की कळलं नाही. संशय वायरिंगवर होता.

अपोलोवर सुमारे ४ लाख माणसं काम करत होती आणि त्यातली बहुतेक नासाची नव्हतीच, कंत्राटदार कंपन्यांची होती. कुठल्यातरी गावात वायर जोडणाऱ्या माणसाला आपल्या हातात कुणाचा जीव आहे हे कसं कळावं? नासाच्या ह्यूस्टन केंद्रातल्या जनसंपर्क विभागाच्या अल चॉपला वाटलं, असा एक पुरस्कार हवा. 'पीनट्स'वाले चार्ल्स शुल्झ यांनी स्पेससूट घातलेला स्नूपी काढून दिला, तोही फुकट. १९६८ पासून 'सिल्व्हर स्नूपी' दिला जायला लागला.

वस्तू म्हणाल तर कोटाला लावायची चांदीची एक छोटीशी पिन. पण ती अंतराळात जाऊन आलेली असते, आणि अंतराळवीर स्वतः ती माणसाच्या कामाच्या जागी येऊन लावतो. सोबत त्याच्या सहीचं पत्र. वर्षाला एक टक्क्याहून कमी लोकांना मिळते, आणि आयुष्यात एकदाच. कंत्राटदारांची माणसंही पात्र. वरचे साहेब लोक मात्र नाहीत! (हा नियम मला फारच आवडला.) चांदी किती आणि अंतराळात नेलेलं वजन किती, हिशोब केला तर खर्च किरकोळ. पण ज्याचा जीव तुमच्या कामावर अवलंबून होता तोच दारात येऊन उभा राहतो, ते कुठल्या बजेटमध्ये बसवणार? मे १९६९ मध्ये अपोलो १० च्या चांद्रयानाचं नावच स्नूपी ठेवलं होतं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण २७ जानेवारी हीच तारीख १९८६ मध्ये पुन्हा आली. त्या संध्याकाळी, चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, मॉर्टन थायोकॉल या कंत्राटदार कंपनीचे इंजिनिअर फोनवरून जीव तोडून सांगत होते की थंडी फार आहे, बूस्टरच्या जोडांमधली रबरी कडी नीट बसणार नाहीत, उद्या उडवू नका. नासाच्या लोकांनी कुरकुर केली, मग कंपनीच्या व्यवस्थापनाने आपल्याच इंजिनिअरांना बाजूला सारून होकार कळवला. दुसऱ्या दिवशी सात जण गेले. सांगणाऱ्यांपैकी रॉजर बॉइजोली याने चौकशी आयोगापुढे सगळं सांगितलं, आणि त्यानंतर त्याचेच सहकारी त्याला टाळायला लागले. म्हणजे स्नूपीची परंपरा तेव्हा अठरा वर्षांची होती!

ते वाचताना मला रिलीजच्या आदल्या रात्रीचे अकरा आठवले. आमचं पगाराचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कुणाचा जीव जात नाही. पण तो बग गेला असता तर अर्धी रजा घेतलेल्या प्रत्येकाचा पूर्ण दिवसाचा पगार कापला गेला असता, आणि क्लायंटकडच्या सपोर्टवाल्याचा फोन रात्रभर वाजला असता.

आज सकाळी त्याच सपोर्टवाल्याला फोन केला. सगळं सांगितलं, तिच्यावर खेकसल्याचंसुद्धा. तो म्हणाला, मंगळवारी तुमच्याच बाजूला येतोय, तिला स्वतः भेटतो, चहा तेवढा पाज. मी हिशोब केला. सहा जणांचे १८०० रुपये नऊ जणांत वाटले तर माणशी २०० येतात. चहा, वडापाव आणि वर जिलबी सहज होईल. एचआरला मेल टाकलीये, उत्तर अजून नाही. पण तो येण्याआधी, सोमवारीच, मला तिच्या डेस्कपाशी जायचंय.