थोरल्यांची जबानी

आम्हा वारल्यांमध्ये लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. तिच्या हातात पोथी नसते. मांडवापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ असतं आणि ते गाणं झाल्याखेरीज विधी झाला असं कोणी मानत नाही. माझी आजी धवलेरी होती. लग्नसराईत तिला तलासरी-डहाणूच्या डोंगराकडच्या पाड्यांवरून बोलावणी यायची आणि शाळेला सुट्टी असली की मी तिच्या मागं असायचो.

लग्नघराची कुडाची भिंत आधी शेणानं सारवून वर गेरूचा हात फिरवलेला असायचा. भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटून पातळ करायचे, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं आणि मग सवासिनी भिंतीपुढं बसायच्या. आधी चौकाच्या रेघा, मग कडांची नक्षी, मग मधोमध पालघट देवी. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. बाहेर झाडं, नाचणारी माणसं, तारपेकरी, घोड्यावरची नवरा-नवरी. आजी बाजूला बसून गात असायची आणि भिंतीवरचा चौक त्या गाण्याच्या चालीनं भरत जायचा. एखाद्या सवासिनीनं घाई केली तर आजी तिला टोकायची नाही. गाण्यातली तीच ओळ पुन्हा धरायची, आणि पुढं गेलेला हात आपोआप मागं यायचा.

शहरातून एक अभ्यासक टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. पालघटीचं तेवढं गाणं म्हणा, असं त्यांनी आजीला विनवलं. आजीनं त्यांना चहा दिला, बसायला घोंगडी दिली, पण गाणं म्हटलं नाही. म्हणाली, ‘‘घरात लग्न नाही, भिंतीवर चौक नाही. देवांना बोलावू, पण बसवू कुठं?’’ मला तेव्हा ते हट्टीपणाचं वाटलं होतं. पुढं कळलं की आजीच्या लेखी गाणं आणि काम वेगळं नव्हतंच. मधली ओळ विचारली तर तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची, कारण प्रत्येक ओळ हाताच्या कुठल्या ना कुठल्या कामाला बांधलेली होती.

आजा त्याच लग्नाची दुसरी गोष्ट सांगायचा. ती तो सहसा पावसाळ्यात, चुलीशी बसून सांगे. त्याच्या तरुणपणी लग्न म्हणजे कर्ज होतं. तांदूळ, ताडी, कापडचोपड यासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्या शेतावर राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटायचं नाही, कारण हिशेब सावकाराच्या वहीत असायचा आणि वही वाचता येणारा माणूस आमच्यात नव्हता. कित्येक जोडपी लग्नाचा विधी वर्षानुवर्षं पुढं ढकलत. संसार आधी मांडत, मुलं होत आणि चार पैसे जमले की मग धवलेरीला बोलावत. आजीनं अशीही लग्नं लावली होती, ज्यात नवरा-नवरीची पोरं मांडवात खेळत होती.

आजाच्या बोलण्यातल्या लग्नगड्याची आणि वेठीची सरकारी नोंदही आहे. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या आदिवासी भागांची पाहणी करून १९३९ साली अहवाल दिला, त्यात हे सगळं लिहिलेलं आहे. अहवाल आला, वेठ चालूच राहिली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथं आमच्या भागातून मोजके वारली गेले होते. मे महिन्यात झरीला मोठी सभा झाली, लाल बावटा लागला आणि यापुढं वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही असं ठरलं. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चारजण त्यात गेले.

या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली आलं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कॉलेजात असताना मी ते आजाला वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐके आणि मध्येच हात वर करून थांबवे. मग सभेला कोणत्या वाटेनं गेले, रात्री कुठल्या ओढ्याशी थांबले, फडक्यात भाकरी कुणाची बांधली होती, ते सांगत बसे. पुस्तकातलं त्यानं काही खोडलं नाही, त्यात भरच घातली. लग्नगडी सुटला त्याच्या पुढल्या लग्नसराईत मांडवात माणसं कशी वेगळ्या आवाजात बोलत होती, हे मला त्याच्याकडूनच कळलं. तेवढं सांगताना तो आजीकडं बघायचा आणि आजी मान डोलवायची. माझ्यासाठी आमचा इतिहास या दोघांनी मिळून सांगितला. तिच्याकडं लग्नाचा विधी होता, त्याच्याकडं त्या लग्नाची किंमत.

पुढं आमची भिंत जगभर गेली. मधुबनीत आधी काम केलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डहाणू भागात आले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी सवासिनींचा हा हात कागदावर आणि कापडावर आणला. लग्नाशिवाय, रोज चित्र काढणारे ते पहिले पुरुष मानले जातात. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्यामुळं पाड्यापाड्यातल्या तरुणांच्या हाताला काम मिळालं, वारली म्हणून मान वर करता आली. त्यांचं हे ऋण मोठं आहे.

पण चित्र टिकलं ते त्याला गिऱ्हाईक मिळालं म्हणून. धवलेरीच्या गाण्याला गिऱ्हाईक नाही. ते चौकटीत बसत नाही, पिशवीवर छापता येत नाही, दोन तासांच्या कार्यशाळेत शिकवता येत नाही. ते शिकायला चार-सहा लग्नसराया धवलेरीच्या मागं बसून तिची ओळ उचलावी लागते. आता मांडवात स्पीकर लागतो, मुली आश्रमशाळेच्या वसतिगृहात असतात, बाया वापी-बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर असतात. शिकायची इच्छा नाही असं नाही, बसायला वेळ नाही. म्हणून वडीलधाऱ्यांचं ज्ञान जपा असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला सांगावंसं वाटतं की आधी शिकणाऱ्याच्या पोटाचं बघा.

वडीलधाऱ्यांचा शब्द म्हणजे हळव्या आठवणी, असं कोणी समजू नये. तो पुरावा आहे, आणि कायद्यानंही तसं मान्य केलं आहे. २००६ चा वनहक्क कायदा अमलात आणण्यासाठी जे नियम झाले, त्यांच्या तेराव्या नियमात कोणकोणते पुरावे चालतील याची यादी आहे. सरकारी कागदपत्रांबरोबरच दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही त्या यादीत आहे. आमच्या गावात दावे भरताना ग्रामसभेत माझे मोठे चुलते उभे राहिले. कागद त्यांच्याकडं एकही नव्हता. त्यांनी एकेका प्लॉटची हद्द झाडांवरून सांगितली. या मोहाच्या खालून बांध जातो, त्या सादड्याजवळ खळं होतं, ओढ्याच्या वळणावर वाघदेव आहे, त्याच्या पलीकडं अमक्याच्या बापाला पुरलं. मी लिहून घेत होतो. मग वनहक्क समिती जागेवर गेली. खळ्याच्या जागी आता झुडपं होती, पण खाली चोपलेली जमीन सापडली. वाघदेवाचा शेंदूर लावलेला लाकडी खांब सापडला. त्या दिवशी आमच्या पोरांनी चुलत्यांकडं बघितलं ते वेगळ्याच नजरेनं. रोज ओट्यावर बसून तेच तेच सांगणाऱ्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावर गावाची जमीन उभी होती.

चुलत्यांच्या शब्दाला समिती होती, नमुना होता, अंगठा घ्यायला जागा होती. धवलेरीच्या शब्दालाही तशीच गावाची व्यवस्था हवी, आणि ती करायचा अधिकार आपल्याकडं आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं आपल्या रूढी-परंपरा जपण्यास ग्रामसभा सक्षम मानली आहे. त्या अधिकाराचा ठराव करता येतो. धवलेरीला बिदागी लग्नघर देतंच, पण तिच्या मागं बसणाऱ्या मुलीला तिचा बुडालेला रोज गावानं द्यावा. आश्रमशाळांनी लग्नसराईत अशा मुलींना रजा द्यावी आणि ती रजा अभ्यासात धरावी. बाहेरच्या कुणी ध्वनिमुद्रण केलं तर त्याची एक प्रत ग्रामसभेकडं राहावी, आणि कधी, कशासाठी काय गायचं हे धवलेरीनंच ठरवावं. आजीनं घोंगडी देऊन आणि गाणं न देऊन हेच शिकवलं होतं.

आमच्या पाड्यावर सध्या माझी पुतणी धवलेरीच्या मागं बसते. घराघरातून वर्गणी काढून आम्ही तिचा रोज भरून देतो. परवाच्या लग्नात धवलेरीला खोकला लागला तेव्हा हळदीची दोन गाणी तिनं एकटीनं ओढून नेली आणि एक ओळ मागंपुढं झाली. म्हातारीनं खोकत खोकतच तीच ओळ पुन्हा धरली. पुतणी मागं आली आणि नीट पुढं गेली. वर्गणी पुढच्या वर्षीही काढायची आहे, आणि आता शेजारच्या पाड्यावरची आणखी एक मुलगी यायला तयार आहे.