अल्कोहोलच्या तीन शिखरांपासून आठवणींपर्यंत

हुबळी आणि धारवाडच्या मध्ये नवनगर आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा विसराळूपणा वाढला की इथून एका बाजूला हुबळीचं ‘किम्स’, दुसऱ्या बाजूला धारवाडचं ‘डिमहान्स’, अशी दोन रुग्णालयं. एमआरआय काढला जातो. रिपोर्ट कधीकधी ‘वयाच्या मानाने ठीक’ असा येतो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि आजी मात्र तोच प्रश्न पुन्हा विचारत राहते. मेंदू आक्रसलेला चित्रात दिसायला वेळ लागतो. त्याआधीच पेशींमधली रसायनं बदलू लागतात.

ही रसायनं कवटी न उघडता वाचता येतात, त्याचं मूळ एका अल्कोहोलच्या नळीत आहे. चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांचा रेडिओसंकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी 1946 मध्ये, स्वतंत्रपणे, जाहीर केला. 1950 मध्ये स्टॅनफर्डला प्रॉक्टर आणि यू यांना अमोनियम नायट्रेटमधल्या नायट्रोजनचे एकाऐवजी दोन संकेत मिळाले. अणुकेंद्र मोजणाऱ्यांना ही रसायनाची लुडबुडच होती. पुढच्या वर्षी तिथेच जेम्स अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड यांनी इथाइल अल्कोहोल तपासलं. हायड्रोजनची तीन शिखरं उमटली, 3:2:1 या प्रमाणात. रेणूत शेजार कुणाचा, त्यानुसार हायड्रोजनचा संकेत किंचित सरकतो. म्हणून संकेतावरून रेणू ओळखता येतो; या तंत्राला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. धर्मट्टींनी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या तंत्राची प्रयोगशाळा उभारली. एमआरआयच्या गोष्टीत त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

1973 मध्ये शास्त्रज्ञ लॉटरबर यांनी याच संकेतांतून चित्र काढलं, त्यातूनच पुढे एमआरआय आला, आणि सगळ्यांचं लक्ष चित्राकडे गेलं. चित्र मुख्यतः शरीरातल्या पाण्याचं असतं. स्पेक्ट्रोस्कोपीत पाण्याचा संकेत दाबून टाकतात आणि मेंदूतल्या साधारण 2 सेंटिमीटरच्या ठोकळ्यातून उरलेले क्षीण संकेत टिपतात. त्यातलं सर्वांत ठळक शिखर एन-ॲसिटाइल ॲस्पार्टेटचं. 1956 मध्ये मांजराच्या मेंदूत सापडलेलं हे द्रव्य मुख्यतः चेतापेशींत असतं. पेशी खंगल्या की ते घटतं. दुसरं मायो-इनॉसिटॉल. अल्झायमरच्या रुग्णांत ते वाढलेलं असतं, हे ब्रायन रॉस यांच्या गटाने 1993 मध्ये दाखवलं. 2000 साली मेयो क्लिनिकच्या केजल कांतार्जी आणि सहकाऱ्यांना त्याहून मोलाची गोष्ट दिसली: स्मृती नुकती ढळू लागलेल्यांत मायो-इनॉसिटॉल आधी चढतं, एन-ॲसिटाइल ॲस्पार्टेट अजून बरंचसं जागेवर असतं. मला हा या सगळ्या मागोव्यातला कळीचा टप्पा वाटतो, कारण इथे काळाचा क्रम हाती लागतो.

भारतात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात प्रवत मंडल यांच्या गटाने ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याकडे मोर्चा वळवला. आठवणींशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते घटल्याचं त्यांनी 2015 मध्ये मांडलं. पेट स्कॅनची वाट वेगळी. त्यात किरणोत्सारी द्रव्य टोचावं लागतं. स्पेक्ट्रोस्कोपीला सुईही लागत नाही, एमआरआयचं नेहमीचंच यंत्र चालतं.

तरी ही तपासणी अजून निदानाची पायरी झालेली नाही. हिप्पोकॅम्पसच्या आसपास हाडं आणि हवेच्या पोकळ्या असल्याने संकेत बिघडतो, एका यंत्राचे आकडे दुसऱ्याशी नीट जुळत नाहीत, आणि निरोगी व आजारी माणसांचे आकडे एकमेकांत मिसळतात. ग्लुटाथायोन घटतं म्हणून पेशी मरतात, की पेशी मरू लागल्या म्हणून ते घटतं, याचाही निकाल लागायचा आहे. तोवर डॉक्टर आधी बी-12 आणि थायरॉईड तपासतात, आणि आजी काय काय विसरते ते घरच्यांना सविस्तर विचारतात.