ट्रकवाले बातमीतून कुठे गेले?

भिवंडीतल्या एचआयव्हीच्या इतिहासावर काम करायचंय? मग आधी मानकोली नाक्यावर जाऊन या. मुंबई-आग्रा महामार्ग, आजूबाजूला गोदामं आणि माल उतरायची वाट बघणारे ट्रक. घरापासून लांब राहणाऱ्या अशा माणसांपर्यंत पोचायला २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनने 'आवाहन' कार्यक्रम सुरू केला. सहा राज्यांत महाराष्ट्रही होता.

२००४ मध्ये अभिनेता रिचर्ड गेअर आणि मुंबईच्या परमेश्वर गोदरेज यांनी 'हीरोज प्रोजेक्ट' उभा केला. कल्पना साधी होती: ओळखीचा चेहरा बोलला की लोक लाज बाजूला ठेवून ऐकतात.

आता १५ एप्रिल २००७. दिल्लीत ट्रकचालकांसाठी एचआयव्ही जागृतीचा कार्यक्रम. मंचावर गेअरने शिल्पा शेट्टीच्या गालाचं चुंबन घेतलं आणि गदारोळ झाला. पुतळे जळले, जयपूरच्या न्यायालयाने वॉरंट काढलं. मुंबईच्या न्यायालयाने शिल्पाला एका खटल्यातून मुक्त केलं ते जानेवारी २०२२ मध्ये!

त्या काळातली वर्तमानपत्रं काढून बघा. गेअरचं नाव घालून शोधलंत तर अश्लीलता, संस्कृती, कोर्ट हेच हाती लागतं. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता ते ट्रकवाले एखाद्या ओळीपुरते उरतात. म्हणून शोधशब्द बदला: 'ट्रकचालक', 'महामार्ग', 'तपासणी केंद्र'. बातमीचा शेवटचा परिच्छेद आधी वाचा.

दुसरं, श्रेय वेगळं मोजा. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. तारे-तारकांमुळे विषय घराघरांत पोचला हे खरं. पण माणसं जगली ती गोळ्यांवर. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. इथे प्रसिद्ध माणसाचं नाव ठळक छापलेलं असतं आणि एचआयव्हीसह जगणाऱ्याचं नाव आपल्याला लपवावंच लागतं. २०१७ चा एचआयव्ही कायदा संमतीशिवाय ही ओळख उघड करू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. भाड्याची खोली किंवा नोकरी जायला एक कुजबुज पुरते. तेव्हा नाव तर लिहू नकाच, पण गल्ली, कारखाना, गाव असे तपशीलही जपून लिहा. त्या माणसाचं म्हणणं मात्र पूर्ण लिहा. नाव नाही म्हणून त्याला तळटीपेत ढकललंत, तर २००७ च्या बातमीत आणि तुमच्या प्रबंधात फरक काय राहिला?