पहारेकरी जागे झाले तर...

इतिहास शिकवताना मी मुलांना सांगायचो, सनावळी पाठ करू नका, दोन सनांमधलं अंतर बघा.

१८७५ साली जर्मनीच्या फ्रीडरिश मर्केल यांनी त्वचेतल्या, स्पर्श ओळखणाऱ्या पेशींचं वर्णन केलं. पुढे त्यांचंच नाव लागलेला त्वचेचा दुर्मिळ, झपाट्यानं पसरणारा कर्करोग सिरिल टोकर यांनी वेगळा ओळखला, तो १९७२ मध्ये. कारण मात्र कळेना. एवढं दिसत होतं, की एड्स झालेल्यांना, अवयवरोपण झालेल्यांना, म्हणजे प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांना तो जास्त होतो. मग यामागे विषाणू तर नसेल?

युआन चँग आणि पॅट्रिक मूर या पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञ दांपत्याच्या चमूला २००८ मध्ये १० पैकी ८ गाठींत नवा विषाणू सापडला. एरवी तो कित्येकांच्या त्वचेवर निमूट नांदत असतो! विषाणू नसलेल्या गाठींत उन्हानं केलेली मोडतोड दिसते.

प्रतिकारशक्ती हाच धागा उपचारालाही लागू पडला. गाठ शरीराच्या पहारेकरी पेशींना थोपवून धरते. 'अवेलुमॅब' हे औषध तो अडसर काढतं. २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. केमोथेरपीनंतरही रोग बळावलेल्या ८८ रुग्णांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या गाठी आटल्या. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न आहेच. पण १८७५ ते १९७२ ही ९७ वर्षं, आणि विषाणू सापडल्यापासून औषधापर्यंत अवघी नऊ... हे अंतर मला धीर देतं.